भन्तेंना आणायला

मोरे, मणिपूर
२ जानेवारी २०१९

ती. अक्कास,
पिराजीचा सप्रेम जयभीम.

धाराशिवहून निघून आज अकरा दिवस झाले. रेल्वे, मग बस, मग जीप असं करत भारताच्या शेवटच्या गावात पोचलो. समोर ब्रह्मदेश दिसतो. तो पण असाच दिसतो.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही. परवा मी "इंफाळला आहे" म्हणालो, ते तुम्ही "इस्पितळात आहे" असं ऐकलं आणि सगळ्या वस्तीला घोर लावला. म्हणून आता कागदावर लिहून त्याचा फोटो श्रावस्तीच्या मोबाईलवर पाठवतोय. तिनं तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवावं आणि तुम्ही सांगाल ते तसंच्या तसं लिहून पाठवावं. पोरगी मास्तरीण आहे, पण आत्याचं शुद्धलेखन सुधारत बसू नये.

विमानानं का नाही गेलास, असं इथंही लोक विचारतात. तेहतीस वर्षं एसटी चालवली. ज्या गाडीत ड्रायव्हरची पाठ दिसत नाही, त्या गाडीत मी बसत नाही. एवढंच कारण आहे.

तुम्ही निश्चिंत राहा. माघ पौर्णिमेला आपल्या विहाराचं उद्घाटन अमरदीपच्या हस्तेच होईल. थायलंडला जातो आणि त्याला कानाला धरून घेऊन येतो.

वरचं वाक्य चुकलं. भन्तेंना कानाला धरता येत नाही. विनंती करून घेऊन येतो.

तुमचा भाऊ,
पिराजी


तेर
४ जानेवारी

चि. पिराजीस,
जाईबाईचा जयभीम.

पत्र पोचलं. भन्तेंना "तो" लिहायचं न्हाय. म्या जन्म दिला तरी म्या बी "ते" म्हनते.

हिकडं विहाराचा रंग झाला. फ्लेक्स बी झाला. धाराशिवच्या शिवलिंगअप्पानं छापलाय, दहा बाय पंधरा. भन्तेंचा फोटो लई मोठा केलाय. एक कान माज्या दाराएवढा हाय. एस्टी स्टँडवर उतरलं की पहिला कानच दिसतो.

सहा वर्षं झाली त्यांना जाऊन. मधी एकदाच आले. आधी दर पौर्णिमेला फोटो यायचा, वरीसभर झालं त्यो बी न्हाय. श्रावस्ती म्हनती ध्यानाला बसले असतील. वरीसभर कोन बसतं?

कमिटीचे अध्यक्ष रोज इचारतात, भन्ते येनार ना? म्या व्हय म्हनते. सगळ्या गावात व्हय म्हनून ठेवलंय. आता तू हाईस आन् तुजा रस्ता हाय.

अक्का

(पप्पा, शब्द आत्याचे आहेत. मी फक्त लिहिते. स्वेटर घालत जा. - श्रावस्ती)


मंडाले
९ जानेवारी

ती. अक्कास, जयभीम.

ब्रह्मदेशात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. त्याला माझी हरकत नाही. पण पुष्कळ गाड्यांचं स्टेअरिंग पण उजवीकडंच आहे. म्हणजे ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला बसतो आणि पुढचा ट्रक मागं टाकायचा तर त्याला समोरचं काही दिसत नाही. मग डावीकडून क्लीनर डोकं बाहेर काढतो, बघतो आणि ओरडतो. त्याच्या ओरडण्यावर चाळीस माणसांचा जीव असतो. दार डावीकडं असल्यामुळं प्रवासी रस्त्याच्या मधोमध उतरतात. कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

मी तेहतीस वर्षांत पहिल्यांदा गाडीत डोळे मिटून बसलो. शेजारच्या आजीबाईंना वाटलं मी ध्यान करतोय. त्यांनी आवाज न करता माझ्या मांडीवर दोन केळी ठेवली.

रस्त्यांबद्दल लिहीत नाही. आपला तेर-ढोकी रस्ता मी उगाच नावं ठेवत होतो.

आता खाली जायचं, मग पूर्वेला वळायचं. सरहद्दीवरचं म्यावाडी आलं की पूल, आणि पुलापलीकडं थायलंडचं म्ये सोत. भन्तेंचा विहार त्याच गावात आहे.

पिराजी


म्ये सोत, थायलंड
१७ जानेवारी

ती. अक्कास, जयभीम.

आज सकाळी नऊ वाजता थायलंडला पोचलो. पायी.

नदी आपल्या तेरणेपेक्षा थोडी मोठी. वर पूल आणि पुलाच्या तोंडाशी साहेबलोक. पुलाखालून माणसं टायरच्या ट्यूबवर बसून डोक्यावर गाठोडं घेऊन निवांत पलीकडं चालली होती. मी वर रांगेत उभा होतो.

साहेबानं विचारलं, कशानं आलात? मी म्हणालो, बाय रोड. जाणार कशानं? बाय रोड. त्यानं दुसऱ्या साहेबाला बोलावलं. दुसऱ्यानं परत तेच विचारलं, मी परत तेच सांगितलं. मग मी एसटीचं जुनं ओळखपत्र काढून दिलं. त्यावर माझा खाकीतला फोटो आहे. दुसरा साहेब तो फोटो बघून एकदम उभा राहिला. त्याला मी पोलिसातला मोठा अधिकारी वाटलो असणार. मी काही बोललो नाही. शिक्का बसला.

पुलावरच रस्ता बाजू बदलतो. ब्रह्मदेशातनं उजवीकडून आलेल्या गाड्या डावीकडं जातात, कारण थायलंडमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालतात. एवढ्या दिवसांनी गाड्या बरोबर बाजूला बघितल्या आणि जिवाला बरं वाटलं.

पण पुढचं बरं वाटेना. अक्का, इथं खड्डा नाही. मी सकाळपासून बघतोय. डांबरावरची पांढरी पट्टी कुठं पुसलेली नाही. हॉर्न कुणी वाजवत नाही. मला आधी वाटलं माझे पण कान तुमच्यासारखे गेले. मी टाळी वाजवून बघितली. ऐकू आली.

रस्ता ओलांडायला उभा राहिलो तर एक पांढरी गाडी माझ्यापुढं येऊन थांबली. मला वाटलं बंद पडली. मी पिशवी खाली ठेवली, बाह्या वर केल्या आणि धक्का द्यायला मागं गेलो. आत एक बाई होती. तिनं काच खाली करून हातानं खूण केली, जा. मी परत धक्क्याची खूण केली. तिनं परत खूण केली. मागं चार गाड्या थांबल्या तरी कुणी ओरडलं नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मी पलीकडं जावं म्हणून ती थांबली होती.

मी पलीकडं गेलो आणि कट्ट्यावर बसलो. तेहतीस वर्षांत रस्त्यातल्या माणसासाठी आपण किती वेळा थांबलो, ते आठवायला लागलो. हॉर्न वाजवला की माणूस बाजूला व्हायचा, म्हणून थांबायची वेळच यायची नाही. तो माणूस कुठं चालला होता, कोण होता, कधी मनात आलं नाही. बराच वेळ बसलो. डोळ्यात धूळ गेली म्हणावं तर इथं धूळ पण नाही.

उद्या विहारात जातो.

पिराजी


तेर
१९ जानेवारी

चि. पिराजी,

परमुलखात बाईमानसाच्या गाडीला हात लावायला जाऊ ने.

तू कट्ट्यावर बसून रडलास हे श्रावस्तीनं वाचलं आन् ती बी रडली. मला वाचून दाखवायला दुसरं कोनी न्हाय, म्हनून खोळंबा झाला. पुढच्या वक्ताला असलं शेवटी लिहीत जा.

रस्ता एवढा गुळगुळीत हाय तर भन्तेंना आनायला सोपं जाईल. भेटले का?

अक्का


म्ये सोत
२२ जानेवारी

ती. अक्कास, जयभीम.

इथल्या पेट्रोल पंपांबद्दल सविस्तर लिहितो.

पंपावर संडास असतो आणि त्याला पैसे नाहीत. आत गेल्यावर माणूस आपल्या घरी जातो तसा दिसतो. फरशी कोरडी असते. भिंतीला कुंड्या लावल्यात. मी तिथं काम नसताना दोनदा जाऊन आलो. आपल्या डेपोच्या संडासाबद्दल मी तीनदा अर्ज दिला होता, ते तुम्हाला माहीतच आहे. बाहेर ड्रायव्हर लोकांसाठी पंख्याखाली बाकडी आहेत. गार पाणी आहे. कुणी कुणाला उठवत नाही. एक ड्रायव्हर दोन तास झोपला होता, त्याच्या अंगावर पंपवाल्यानं टॉवेल टाकला.

भन्ते भेटले. प्रकृती उत्तम आहे. मधे थोडा सर्दीताप होता, केस ओले ठेवून फिरतात म्हणून होतो. मी बोललो त्यांना. विहार मोठा आहे, झाडी आहे.

हवा चांगली आहे.

पिराजी


तेर
२३ जानेवारी

पिराजी,

भन्तेंना केस कुठले?

अक्का


म्ये सोत
२७ जानेवारी

ती. अक्कास,

चार दिवस लिहिलं नाही. आता खरं लिहितो. श्रावस्ती, हे पत्र आत्याला बसवून वाच.

अठरा तारखेला विहारात गेलो. मोठ्या भन्तेंना फ्लेक्सचा फोटो दाखवला. ते भारतात राहून आलेत, हसले आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, हा होय, यानं चीवर उतरवून दीड वर्ष झालं. आणि मला चहा दिला. अक्का, इथं हे लोक अगदी सहज सांगतात. पोरं भन्ते होतात, काही वर्षं राहतात, परत घरी येतात, कुणी तोंड फिरवत नाही. माझ्या हातात कप होता म्हणून बरं, नाहीतर हाताचं काय करावं सुचलं नसतं.

अमरदीप गावाबाहेर एका शाळेत गणित शिकवतो. ब्रह्मदेशातनं नदीवरून आलेल्या मजुरांच्या पोरांची शाळा आहे. सकाळ-संध्याकाळ पोरांची गाडी पण तोच चालवतो. फार वाईट चालवतो. गिअर टाकताना खाली बघतो. मी भेटलो तेव्हा तो गाडी मागं घेत होता आणि त्यानं शाळेच्या फाटकाला धडक दिली. मला बघून खाली उतरला. मी म्हणालो, "आधी आरसा नीट कर."

मग मी दोन दिवस त्याच्याशी फक्त गाडीबद्दल बोललो. त्यानं पण गाडीबद्दलच उत्तरं दिली. तिसऱ्या दिवशी मी ब्रेक बघायला खाली शिरलो, आणि माझं तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल, तो आपणहून बोलला.

"मामा, दोन वर्षांमागं नदीला पूर आला. आम्ही विहारातले सगळे काठावर माणसं काढायला गेलो. एक म्हातारी पाण्यात खांब धरून उभी होती. आईएवढी. तिनं माझ्याकडं हात केला आणि मी हात मागं घेतला."

"का?"

"भन्तेनं बाईला शिवायचं नसतं. तशी वेळ आली तर चालतं, मोठे भन्ते नंतर म्हणालेच, अरे, धरायचा होतास. पण त्या घडीला माझा हात आपोआप मागं गेला. शाळेतल्या बाई शेजारी होत्या, त्यांनी उडी टाकून तिला ओढलं. म्हातारी वाचली. माझा हात तेवढा तसाच राहिला."

"मग?"

"मग घरी आलो होतो ते आठवायला लागलं. आई दोन हात लांबून पाया पडली. ताट पण खाली ठेवून सरकवलं. निघताना तिला धक्का लागू नये म्हणून मीच वाट सोडून चाललो. पुरानंतर मला तेवढंच दिसायचं. सहा महिन्यांनी चीवर परत दिलं."

"आईला कळवायचं होतंस."

"तिनं गावाला सांगितलं होतं, माझा मुलगा भन्ते आहे. फोटो मागायची. जुने होते तेवढे पाठवले. मग तेही पाठवायची लाज वाटली."

ज्या बाईंनी उडी टाकली त्यांचं नाव मालै. मागच्या वर्षी दोघांनी लग्न केलं. थायलंडच्याच आहेत. बोलायला हसऱ्या, स्वयंपाकात साखर जास्त घालतात. गाडी अमरदीपपेक्षा चांगली चालवतात.

मी त्याला बरंच काही बोलणार होतो. धाराशिवपासून पाठ करत आलो होतो. पण गाडीखालून बाहेर आलो तर त्यानं हात दिला. मी धरला आणि उठलो.

पंपाचं मी खरंच लिहिलं होतं. पण ते आधी लिहायला नको होतं.

पिराजी


तेर
३ फेब्रुवारी

पप्पा,

हे माझं पत्र आहे. आत्यानं काही सांगितलं नाही.

तुमचं पत्र वाचल्यावर ती उठली आणि तुरीच्या शेंगा सोलायला बसली. सोललेल्या परत परत सोलायला लागली. चार दिवस कुणाशी बोलली नाही. मी मोठ्यानं विचारलं की म्हणायची, ऐकू येत नाही.

काल कमिटीची बैठक होती. आत्या न बोलावता गेली. मी मागं उभी होते. अध्यक्षांनी विचारलं, जाईबाई, भन्तेंचं तिकीट झालं का? आत्या म्हणाली, "भन्ते येनार न्हायत. माजा अमरदीप आता भन्ते न्हाय. साळंत मास्तर हाय. बायको हाय. म्या तुमाला व्हय व्हय म्हनत व्हते, मला म्हाईत नव्हतं. आता म्हाईत हाय म्हनून सांगायला आले. लातूरच्या भन्तेंना बोलवा." एवढं बोलून बसली. मग एक पोरगा हसला, तशी आत्यानं त्याच्याकडं बघितलं. तो अजून हसला नसेल.

येताना स्टँडवर फ्लेक्सखाली थांबली. मला म्हणाली, काढायला सांग, उन्हानं चेहरा उडायला लागलाय.

आज सकाळी एवढंच लिही म्हणाली, ते लिहिते: "त्याला म्हनावं यायचं तर ये. चीवर नसलं तरी चालंल. शर्टाला गुंड्या असाव्यात."

श्रावस्ती


काले, ब्रह्मदेश
१६ फेब्रुवारी

ती. अक्कास, जयभीम.

वाईट बातमी दोन आहेत.

एक, आमच्या बसचा एक्सल घाटात तुटला. ड्रायव्हर नवखा आहे, त्याला सोडून दुसऱ्या गाडीनं जाणं मला जमेना. चार दिवस त्याच्याबरोबर गाडीखाली आहे. भाषा येत नाही, पण एक्सल दोघांना कळतो. पौर्णिमेला मी पोचत नाही.

दोन, मी एकटाच आहे. तुमचा निरोप अमरदीपला वाचून दाखवला. त्यानं दोनदा वाचायला लावला. मग आत जाऊन सगळे शर्ट बाहेर काढून बसला. येतो म्हणाला नाही, येत नाही म्हणाला नाही. पुलापर्यंत मला सोडायला दोघं आले. मी म्हणालो, काय सांगू आईला? तर मालैनं त्याच्याकडं बघितलं आणि त्यानं नदीकडं बघितलं.

भन्तेंना आणायला गेलो आणि मास्तरलाही आणता आलं नाही. माफ करा.

पिराजी


तेर
२१ फेब्रुवारी

चि. पिराजीस, जयभीम.

आधी एक्सलचं लिही. बसला का न्हाय? त्या ड्रायव्हर पोराला जेवू घाल.

हिकडं उद्घाटन झालं. लातूरचे भन्ते आले, चांगलं बोलले. मला लांबून ऐकू आलं न्हाय, पन लोक माना हालवत व्हते. फ्लेक्स उलटा करून मंडपामागं आचाऱ्याच्या डोक्यावर बांधला. चूल पेटली की आतनं कान दिसायचा.

दुपारी पंगती बसल्या. म्या वाढत व्हते. तेवढ्यात धाराशिवची गाडी आली आन् श्रावस्तीनं माजा दंड धरला. म्या वळून बघितलं तर अमरदीप. इमानानं हैदराबादला उतरून बशीनं आला. पांढरा शर्ट, सगळ्या गुंड्या लावलेल्या, गळ्याची बी. संगट सून. तुजं लिहिनं खरं हाय, हसरी हाय.

त्यो माज्यापसनं दोन हातांवर थांबला. खाली मान घालून हात जोडले. सवय झाली असंल. मंडप गप झाला. मला ऐकू येत न्हाय तरी कळलं, मानसांचे हात ताटातच थांबले व्हते.

म्या वरनाची बादली खाली ठिवली. म्होरं गेले आन् एक थोबाडीत दिली.

(पप्पा, जोरात दिली. - श्रावस्ती)

त्यानं मान वर केली न्हाय. सुनंला वाटलं आपल्यात घरात येताना अशीच रीत असती. तिनं बी हात जोडले, डोळे मिटले आन् गाल म्होरं केला.

पंगतीतल्या बाया हसायला लागल्या. मला हसू आलं न्हाय. म्या तिचा गाल हातात धरला. लई मऊ हाय. तिनं डोळे उघडले न्हायत, वाट बघत राहिली. मग म्या दुसऱ्या हातानं त्याचा गाल धरला, मारला व्हता त्योच. गरम लागला. दोघं तसेच उभे राहिले आन् म्या बी. वाढायचं राहिलं म्हनून आचारी ओरडला म्हनं. मला काय, ऐकूच येत न्हाय.

अक्का